‘कडक तोंडाचा’ घोडा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी त्याचा ओठ वर करतो. तापीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडचे व्यापारी येतात. पुढचे दात बघून वय सांगणारी माणसं तिथे पैशाला पासरी. दुधाचे दात किती पडले, पक्के किती आले, झीज कुठवर आली, हे सगळं ते क्षणात वाचतात आणि ओठ सोडून देतात. त्या दातांच्या मागे बोटभर आत मात्र कुणी बघत नाही. लगामाचं लोखंड नेमकं तिथेच बसतं.

मग घोडा फिरवून दाखवतात. मारवाडी-काठियावाडी घोड्याची रेवाल चाल ही खरोखर बघण्यासारखी चीज आहे. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये म्हणतात, ते फारसं खोटं नाही. पण मान ताठ वर, तोंड उघडं, जबड्यातून फेस, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, असा घोडा गेला की गर्दीतून वाहवा येते. पाणीदार जनावर! तो थांबल्यावर मी जवळ जाऊन तोंडातलं लोखंड पाहिलं. मधल्या दांड्यावर खिळ्याच्या डोक्याएवढे उंचवटे होते आणि बाजूच्या कड्यांच्या आतल्या अंगाला दाते. व्यापाऱ्याला विचारलं, एवढं कशाला? “मुँह का कड़ा है साब. सादी लगाम को सुनता नहीं.”

पुढच्या काही महिन्यांत पुणे परिसरातल्या तबेल्यांत, माथेरानच्या लाल मातीत आणि घोड्यांच्या दातांचं काम करणाऱ्या एका पशुवैद्यासोबत हिंडताना हे वाक्य मी वेगवेगळ्या भाषांत ऐकलं. “तोंडाचा कडक आहे.” जन्मतः कडक तोंडाचा घोडा मला काही भेटला नाही. भेटले ते सगळे नाजूक तोंडाचेच. त्यातल्या काहींनी दुखण्यापासून वाचायला मान वर फेकायची, जबडा आवळायचा किंवा लगाम दाढांत धरून पळत सुटायचं, असा आपापला मार्ग शोधला होता. त्यामुळे ‘नाजूक तोंडाच्या घोड्याला कोणता लगाम घालावा’ हा प्रश्न थोड्याशा लाडावलेल्या जनावरांपुरता आहे, असं मला आता वाटत नाही.

घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढे सहा कातरे दात. नर असेल तर त्यांच्या मागे दोन्हीकडे एकेक सुळा. मादीला तो बहुधा नसतो. त्यानंतर बरीच जागा मोकळी, आणि मग दाढांची रांग. लगामाचा तोंडातला लोखंडी भाग या मोकळ्या जागेत बसतो. पुण्याच्या तबेल्यांत त्याला सरळ ‘बिट’ म्हणतात, जुन्या मराठीत कडियाळं. त्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवून पाहावा. वरून मऊ, ओलसर, गुलाबी. पण जरा दाबलं की खाली हाडाची धार लागते. हिरडीचा थर अगदी पातळ, त्याखाली मांस नाही, चरबी नाही. तिथे लोखंड वारंवार आपटलं की हाडावर खडबडीत गुठळ्या वाढतात. पुरातत्त्वज्ञ जुन्या कवट्यांवर लगामाच्या खुणा शोधताना ज्या जागा बघतात, त्यातली ही एक.

हिरडीवर जीभ असते. ती जाड, लवचिक आणि तोंड मिटलेलं असताना जवळपास सगळी जागा भरून टाकणारी. वर टाळू. म्हणजे तोंड मिटल्यावर आत मोकळी पोकळी अशी उरतच नाही. बिट येतं तेव्हा ते जिभेला दाबूनच जागा करतं. हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून कळायला उशीर लागला. १९८०च्या दशकात हिलरी क्लेटन यांनी क्ष-किरणांच्या चलचित्रातून बिट तोंडात प्रत्यक्ष कसं हलतं ते पाहिलं. २००३ साली जर्मन संशोधकांनी घोड्यांच्या तोंडातल्या या जागेची मापं घेतली, तेव्हा ती लोक समजतात त्यापेक्षा बरीच कमी निघाली.

आता एक घोडी. पुण्याच्या बाहेर, सिंहगड रस्त्यापासून आत, एक छोटासा तबेला आहे. तिथली ही कुमाईत रंगाची काठियावाडी घोडी सहा वर्षांची. मालकीण पस्तिशीतली, नोकरी सांभाळून पहाटे स्वारीला येणारी. तक्रार अशी, की लगाम हातात घेतला की घोडी डोकं वर झटकते, उजवीकडे वळताना जीभ बाहेर काढते आणि उतारावर तर तोंड उघडून सरळ पुढे ओढत नेते. बाईंनी वाचून-विचारून आधीच एक उपाय केला होता: बारीक बिट काढून चांगलं जाडजूड, पोकळ, हलकं बिट आणलं होतं. जाड म्हणजे नरम, दाब जास्त जागेवर पसरतो, हा हिशेब. कागदावर हिशेब बरोबर आहे.

डॉक्टरांनी बिटाला हातच लावला नाही. आधी घोडी मोकळी चालवून, दुडकीत पळवून पाहिली. मग खोगीर काढून पाठीवरून बोटं फिरवली. मग मोतद्दाराला, ज्यांना तबेल्यातली सगळी पोरं मामा म्हणतात, त्यांना विचारलं, “लगाम चढवताना कटकट करते का?”

“चढवताना नाही, काढताना करते,” मामा म्हणाले. “आणि चंदी खाताना उजवीकडनं सांडते.”

मला हे दुसरं वाक्य म्हणजे त्या सकाळची सगळ्यात मोलाची माहिती वाटली, आणि ती मालकिणीला ठाऊक नव्हती. चंदी घालायची वेळ मामांची, स्वारीची वेळ बाईंची.

तोंड उघडायचा सांगाडा लावून, डोक्यावर दिवा बांधून डॉक्टर आत शिरले. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजत नाहीत आणि त्यांना धार येते. दिवसभर चरणारं जनावर जबडा आडवा फिरवत राहतं. कापलेला कडबा आणि चंदीवर उभं राहणारं तितकं फिरवत नाही, मग धार आणखी वाढते. या घोडीच्या गालाला आतून, उजवीकडे, दोन जुने चट्टे होते. लगामाने गाल दाढेवर दाबला गेला की ते सोलवटत. शिवाय उजवीकडे वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे हरभऱ्याएवढा एक दात. इंग्रजीत त्याला लांडगादात म्हणतात. चावण्याला त्याचा काही उपयोग नाही, मूळ लहान, पण बिट मागे सरकलं की नेमकं त्याच्यावर टेकतं. “ताई, हा काढायचा, धारा घासायच्या आणि तीन आठवडे तोंडात काही घालायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. बाईंनी विचारलं, मग नवीन बिट कोणतं आणू? “ते तीन आठवड्यांनी.”

तीन आठवडे घोडी मोरकीवर फिरली. मग बिटाची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी एक गुळगुळीत घासलेली लाकडी काडी आणली, बिटाच्या जागी आडवी धरली आणि दोन्ही ओठांच्या कडेशी अंगठ्यांनी खूण पकडून पट्टीवर मोजली. पावणेपाच इंचांना जरा कमी. बाईंचं जाड बिट साडेपाच इंचांचं होतं. दोन्ही बाजूंना मिळून पाऊण इंच जास्त, म्हणजे एकेरी जोडाचं हे बिट एका अंगाला सरकत राहणार, जोड मधोमध न राहता हिरडीच्या धारेवर येणार. आपल्याकडे बाजारात मिळणारी बहुतेक बिटं पाच-साडेपाच इंची, परदेशी मोठ्या घोड्यांच्या मापाची. मारवाडी-काठियावाडी घोड्याचं नाकाडं निमुळतं, तोंड लहान. मापाचं बिट मागायची पद्धतच नसल्यामुळे जे आहे ते चढवलं जातं. ओठाच्या बाहेर दोन्हीकडे जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरावं, एवढाच त्याचा नियम.

आणि जाडी. बाईंचं बिट एकवीस मिलिमीटर होतं. तोंडात जागाच नसेल तर जाड बिट दाब पसरत नाही. ते तोंड पूर्ण मिटूच देत नाही, जीभ सतत दाबून ठेवतं. याचा पुरावा फिनलंडमधून आला आहे. तिथे २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, उघड्या मैदानातली अडथळ्यांची दौड संपवून आलेल्या २०८ घोड्यांची तोंडं तपासली. निम्म्याहून थोड्या जास्त घोड्यांना ताज्या जखमा होत्या. मध्यम ते गंभीर जखमांचा धोका जास्त निघाला तो १० ते १३ मिलिमीटरच्या बारीक बिटांना, आणि तितकाच १८ ते २२ मिलिमीटरच्या जाड बिटांना. मधली, १४ ते १७ची, त्या मानाने बरी. याच संशोधकांनी २०१९मध्ये गाडीच्या शर्यतीत दुडकी पळणारे २६१ घोडे तपासले होते. ८४ टक्के घोड्यांना बिटाच्या जागी ताज्या जखमा सापडल्या. पण तोंडाबाहेर रक्त दिसलं ते जेमतेम दोन टक्क्यांच्या. म्हणजे मालक शपथेवर सांगू शकतो की माझ्या घोड्याला काही झालेलं नाही, आणि तो खोटंही बोलत नसतो.

जाडी आणि माप झालं की आकार. दुकानदार इथे भिंतभर लोखंड दाखवतो आणि माणूस गोंधळतो. खरं तर एकच गोष्ट बघायची: या घोड्याला दाब कुठे नकोय?

एका जोडाचं साधं स्नॅफल ओढलं की घडी पडतं, दोन्ही बाजूंनी हिरडीवर येतं, आणि टाळू सपाट असेल तर जोडाचं टोक तिथेही टोचतं. असा घोडा तोंड उघडतो. दोन जोडांचं, मध्ये गुळगुळीत मण्यासारखा तुकडा असलेलं बिट ही घडी मोडतं, टाळू सुटतो; म्हणून हल्ली सगळे तेच सुचवतात. पण मग दाब जिभेवर जातो. जीभ मागे गोळा करणारा, बिटावरून वर काढणारा किंवा बाजूने बाहेर लोंबवणारा घोडा आपल्याला तेच सांगत असतो. त्याला मधोमध कमानीसारखं उचललेलं, जिभेला वाट देणारं बिट बरं पडतं. दोन जोडांतही मधला तुकडा चपटा आणि तिरका बसवलेला असला तर त्याची कड जिभेत रुतते. हातात दोन्ही सारखीच दिसतात. अंगठ्यावर आडवं ठेवून ओढून पाहिलं की फरक लगेच कळतो. दुकानात ही परीक्षा करायला लाजू नये.

कडीचंही तसंच. मोकळी फिरणारी गोल कडी असेल तर दांड्यातल्या भोकाशी ओठाची कातडी चिमटते. जुन्या, झिजलेल्या बिटात हमखास. ओठाच्या कोपऱ्याशी लालसर चिरा असतील तर अंड्याच्या आकाराची, जोडाशी घट्ट बसवलेली कडी घ्यावी. धातूबद्दल फार वाद घालण्यात मला रस नाही. पोलाद थंड आणि बिनचवीचं, ओलं राहिलं की गंजणारं साधं लोखंड काही घोडे आवडीने चघळतात, तांब्याची भेसळ काहींना चालते. रबराचं बिट मात्र नरम म्हणून डोळे मिटून घेऊ नये: तोंड कोरडं असेल तर रबर हिरडीवर घासटतं, आणि ते बहुधा जाडही असतं. थंडीच्या पहाटे मामा बिट मुठीत धरून ऊब देतात आणि मगच चढवतात, हे कुठल्याही धातूपेक्षा कामाचं.

लांब दांड्यांचं, हनुवटीखाली साखळी येणारं कर्ब किंवा पेलम नाजूक तोंडाच्या घोड्यासाठी सुचवणारेही भेटले. तर्क असा, की इशारा हलका पुरतो. पुरतो खरा, पण तरफेमुळे हाताच्या प्रत्येक हेलकाव्याची किंमतही वाढते. ज्याचा हात घोड्याच्या मानेबरोबर पुढेमागे जातो त्याच्यासाठी ते हत्यार ठीक. शिकाऊ स्वारासारखा लगाम धरून बसणाऱ्यासाठी मुळीच नाही.

हा सगळा विचार नवा नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोडेस्वाराकडे दोन लगाम असावेत, एक गुळगुळीत, एक खरखरीत, असं तो सांगतो. पण त्याच पुस्तकात ताठ लोखंडापेक्षा लवचिक लोखंड बरं, असंही म्हणतो. त्यानंतर थोड्याच काळाने अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसने भारतीय घोड्यांचं जे वर्णन केलं, ते एरियनच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत पोचलं. इथले लोक घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचा शिवलेला पट्टा बांधतात, त्याच्या आतल्या बाजूला फार धारदार नसलेले पितळी किंवा लोखंडी काटे असतात, श्रीमंतांकडे हस्तिदंती. तोंडात सळईसारखं लोखंड आणि त्यालाच लगाम. सारंगखेड्यात माझ्यासमोर उभा असलेला घोडा त्या वर्णनापासून फार लांब नव्हता. हस्तिदंत तेवढे गेले.

काटेरी लगामावर बंदी आहे, हे बाजारात अनेकांना ठाऊक नाही. १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांत टोकदार काटे, गाठी किंवा उंचवटे असलेला लगाम वापरायला मनाई आहे. अधूनमधून पोलीस आणि प्राणिमित्र संस्था लगाम जप्त करतात, फोटो छापून येतो. पुढच्या आठवड्यात लोहार तेच पुन्हा करून देतो, कारण मागणी आहे. कानपूरहून जगभर जाणारं खोगीर-लगामाचं सामान आपल्याच देशात बनतं आणि त्याच देशात गावचा लोहार खिळे जोडतोय, हे मला कायद्याच्या अपयशापेक्षा मापाच्या अपयशासारखं जास्त वाटतं. देशी घोड्याच्या मापाचं, गुळगुळीत, दोन जोडांचं बिट तालुक्याच्या बाजारात मिळत असतं तर निदान काही लोकांनी ते घेतलं असतं.

माथेरानची गोष्ट वेगळी. तिथे मोटारीला बंदी, त्यामुळे घोडा हे नेहमीचं वाहन. घोडेवाला पुढे दोर धरून चालतो किंवा धावतो, घोडा त्याचं ऐकतो. वर बसलेला प्रवासी पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला असतो, आणि त्याच्या हातात दिलेला असतो तोंडातल्या लोखंडाला जोडलेला लगाम. खड्डा आला, तोल गेला, की तो त्याच लगामाला लोंबकळतो. दिवसभरात किती वेळा, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्या प्रवाशाचा लगाम बिटाला न जोडता मोरकीला जोडला तर काय बिघडेल, असं एका तरुण घोडेवाल्याला विचारलं. तो हसला. “गिऱ्हाईकाला वाटायला पाहिजे ना, आपण चालवतोय.” मोरकीला जोडला तरी त्याला तसंच वाटेल, हे मी बोलून पाहिलं. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण त्याने संध्याकाळी आपल्या एका म्हाताऱ्या तट्टावर तसं करून बघितलं, आणि तट्टू नेहमीच्याच चालीने मार्केटपर्यंत गेलं.

मग बिटच नको, असं म्हणणारेही आहेत. नाकावरच्या पट्ट्याने चालवायची हॅकमोर किंवा तत्सम मोरकी काही घोड्यांना उत्तम मानवते. उड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती चालते, ड्रेसाजमध्ये चालत नाही. पण नाकाचं हाड खाली टोकाशी पातळ असतं आणि तरफेची हॅकमोर तिथे बसली की तीही कडक लगामाइतकीच दुखावते. त्याउलट बिट बरोबर, पण तोंड मिटून ठेवायला नाकपट्टा करकचून आवळलेला, हे तर मोठ्या स्पर्धांतही दिसायचं. २०२५पासून घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नाकपट्टा मोजण्याचं साधनच लागू केलं. आपल्यासाठी जुना नियम पुरेसा आहे: नाकाच्या हाडावर, पट्ट्याखाली, दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

कुमाईत घोडीला शेवटी मिळालं ते चौदा मिलिमीटरचं, दोन जोडांचं, घट्ट कडीचं, पावणेपाच इंची बिट. ते बाहेरून मागवावं लागलं. पहिले काही दिवस बाईंनी स्वत: घोडी चालवलीच नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोडीवर लगाम न धरता, हात मांडीवर ठेवून बसत होत्या. आपला तोल लगामावर उभा आहे का ते कळायला एवढाच मार्ग आहे, आणि घोडेस्वारीच्या शिकवण्यांत तो सगळ्यात कमी वापरला जातो, कारण त्यात रुबाब नाही.

डोकं झटकणं बंद झालं. जीभ आत राहते. चंदी सांडत नाही, हे मामांनी आपणहून सांगितलं. उतारावर मात्र घोडी अजूनही उजव्या लगामावर भार टाकते आणि जबडा आवळते. बाईंना वाटलं, कमानीचं बिट घेऊन बघावं. त्यांनी फोनवर दोन-तीन निवडूनही ठेवली होती. डॉक्टरांनी घोडीला पुन्हा उतारावरून मोकळी चालवून घेतलं, खाली बसून बघितलं आणि म्हणाले, “थांबा ताई. मागचा उजवा पाय पूर्ण आत टाकत नाहीये ती. आधी गुडघ्याचा फोटो काढू.”